ऑटोस्विचचा वाद : पार्श्वभूमी

रब्बीची पाणीपाळी सुरू झाली की वीज कंपनीचे आवाहन ठरलेले असते : शेतीपंपाचे ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा, रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) वाचवा. ऑटोस्विच म्हणजे लाईट आली की पंप आपोआप सुरू करणारी जोडणी. शेतकरी ते ऐकतो आणि ऑटोस्विच तसाच ठेवतो. असे का, ते समजायला भारनियमनाच्या वर्षांपर्यंत मागे जावे लागते.

२००५ नंतरची काही वर्षे ज्यांनी विहिरीवर काढली त्यांना वेगळे सांगायला नको. पंपाला लागणारी थ्री फेज वीज मोजके तास, तेही पाळीने, एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री. बाराला येणारी लाईट दीडला यायची, वीस मिनिटांत जायची, आणि परत आली की बटण दाबायला पुन्हा अंधारातून, ओल्या बांधावरून जावे लागायचे. साप-विंचवाची, रानडुकरांची भीती वेगळीच.

बटण पुन्हा दाबावे लागते ते स्टार्टरच्या रचनेमुळे. बटण दाबले की आतल्या कॉइलला वीज मिळते आणि ती कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरला वीज जोडणारा दणकट स्विच, ओढून धरते. लाईट गेली की कॉइल सुटते, आणि लाईट परत आली तरी आपणहून धरत नाही. हे मुद्दाम तसे केलेले आहे, कारण बंद मोटरला हात लावलेला असताना ती फिरू लागली तर जीव जाऊ शकतो. ऑटोस्विच एवढेच करतो की तिन्ही फेज आल्या की कॉइलला वीज देतो. मोटरचा करंट त्यातून जातच नाही. ५ एचपीची मोटर चालताना साधारण ७ अँपिअर घेते आणि सुरू होताना त्याच्या सहापटीच्या आसपास. तो भार कॉन्टॅक्टर पेलतो. ऑटोस्विचमधल्या चिमुकल्या रिलेवर, म्हणजे विजेने चालणाऱ्या छोट्या स्विचवर, फक्त कॉइलचा किरकोळ करंट असतो.

रोहित्राचे गणित मात्र खरे आहे. १०० केव्हीएच्या डीपीवर (शेतातल्या रोहित्रावर) पूर्ण भाराला सुमारे १३० अँपिअर मिळतात. पंधरा मोटरा चालू असल्या तर कसेबसे शंभर-एकशेदहा अँपिअर लागतात, म्हणजे निभावते. लाईट येताच ऑटोस्विचमुळे त्याच पंधरा मोटरा एका क्षणी सुरू झाल्या तर मागणी सहाशेच्या पुढे जाते. व्होल्टेज कोसळते, त्यामुळे मोटरा वेग धरत नाहीत, आणि वेग धरत नाहीत म्हणून सुरुवातीचा जड करंट लांबतो. मग डीओ, म्हणजे डीपीवरचा फ्यूज, उडतो. त्यात कोणी फ्यूजच्या जागी जाड तार बांधलेली असेल तर डीपीच जळते, आणि ऐन पाण्याच्या दिवसांत नवी येईपर्यंत पीक वाळते.

पण आवाहनातला ‘ऑटोस्विच’ हा एकच शब्द तीन वेगळ्या गोष्टींना लावला जातो आणि घोळ तिथेच आहे. पहिली गोष्ट म्हणजे स्टार्टरचे बटण दाबून बांधून ठेवणे किंवा कॉइलला थेट तार जोडणे. यात फेज तपासली जात नाही आणि क्षणभरही थांबले जात नाही. हे धोक्याचे आहे, ते काढायलाच हवे. दुसरी, फेज तपासणारी आणि टायमर असलेली पेटी. तिसरी, फोनवरून पंप चालू-बंद करणारा मोबाइल स्टार्टर. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात विलंब ठरवता येतो. एका डीपीवरच्या शेतकऱ्यांनी आपापसांत बोलून एकाने एक मिनिट, दुसऱ्याने दोन, तिसऱ्याने तीन असा विलंब ठेवला तर एकदम बसणारा धक्का उरत नाही. यावर उलट प्रश्न येतो की कोणी किती ठेवला हे तपासणार कोण? प्रश्न रास्त आहे. तरी सरसकट ‘काढा’ म्हणण्याने रात्रीची पायपीट पुन्हा शेतकऱ्याच्याच माथी येते, हे विसरता कामा नये. कपॅसिटरचा सल्ला उत्तमच. त्याने चालू मोटरचा लाइनवरचा करंट कमी होतो. पण सगळ्या मोटरा एकदम सुरू होण्यावर तो उपाय नाही, आणि दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्याने तो उपाय वाटतो.

मोबाइल स्टार्टरची कल्पना पुण्यातही रुजली. सुरुवातीच्या यंत्रांत चक्क साधा फोन पेटीला जोडलेला असे. फोन लावायचा, कीपॅडवरचा आकडा दाबायचा, त्या आवाजाच्या खुणेवर पंप चालू किंवा बंद व्हायचा. पुढे सिमकार्ड पेटीतच आले, कोरडी विहीर ओळखणेही आले.

छोट्या रिलेवर फक्त कॉइलचा करंट द्यायचा, मोटरचा नाही, हा शेतीपंपाचा धडा घरातल्या वायफाय स्विचांच्या बाबतीत विसरला गेला. तिथे बऱ्याचदा सगळा भार छोट्या रिलेवरूनच नेतात. २ किलोवॅटच्या गीझरला, म्हणजे जेमतेम ९ अँपिअरला, १६ अँपिअरचा स्विच चालून जातो. पण सोसायटीच्या पंपाला तोच लावला तर सुरू होतानाच्या करंटने कॉन्टॅक्ट चिकटतात. मोबाइलवर ‘बंद’ दिसते आणि टाकी वाहत राहते. तिथेही स्विचने फक्त कॉन्टॅक्टरची कॉइल चालवावी, भार कॉन्टॅक्टरवर सोडावा.

२०१७ पासून सौर फीडरवरून, म्हणजे सौर प्रकल्पाची वीज मिळणाऱ्या शेतीच्या वाहिनीवरून, शेतीला दिवसा वीज देण्याचे काम सुरू आहे. अंधारातली पायपीट त्याने खरोखर वाचते. पण फीडरवर वीज येण्याची वेळ सर्वांना एकच असते, त्यामुळे सकाळी लाईट आली की मोटरा एकदमच सुरू होण्याचा प्रश्न तिथेही राहतो. स्वतंत्र सौरपंपांना तो नाही, कारण त्यांचा कंट्रोलर मोटरला शून्यापासून हळूहळू वेग देतो.