दलदलीतल्या पेटीपासून भिंतीवरच्या कुऱ्हाडीपर्यंत

१९३६ साली स्वीडनच्या गोटलंड बेटावर मेस्टरमीर नावाच्या ठिकाणी एक शेतकरी नांगरत होता. ही जमीन पूर्वी दलदलीची होती, पाणी काढून ती लागवडीखाली आणलेली. नांगर कशाला तरी अडला. उकरून पाहिलं तर ओकच्या लाकडाची पेटी, भोवती लोखंडी साखळी. आणि अवजारं: हातोडे, सांडशा, ऐरणी, कानशी, करवती, तासण्या, कुऱ्हाडी, कुलपं, किल्ल्या. सगळ्या मिळून दोनशेच्या आसपास वस्तू. हजार वर्षांपूर्वीच्या, लोहारकाम आणि सुतारकाम दोन्ही जाणणाऱ्या कुणा कारागिराची ही पेटी. आज ती स्टॉकहोमच्या इतिहास संग्रहालयात आहे.

व्हायकिंग म्हणजे स्कँडिनेव्हियातले जुने दर्यावर्दी. त्यांच्या पद्धतीच्या हातघडणीच्या कुऱ्हाडी आणि ढाली जमवणाऱ्यांचा विषय निघाला की मी आधी या पेटीबद्दल बोलतो. लोकांना तलवारी आणि लढाया आठवतात. पण आज एखादा लोहार भट्टीवर जी कुऱ्हाड घडवतो आणि आपण ती हौसेनं घरी आणतो, तिच्यामागे लढाईपेक्षा अशा पेट्यांचा हात मोठा आहे. या पेटीतल्या प्रत्येक वस्तूची मोजमापं आणि चित्रं १९८३ मध्ये पुस्तकरूपानं आली. तेव्हापासून जुन्या पद्धतीनं काम करणारे किती तरी कारागीर त्यावरून हातोड्या-सांडशांपासून सुरुवात करतात. आधी अवजार घडवायचं, मग त्या अवजारानं कुऱ्हाड.

व्हायकिंग काळ साधारण इसवी सन ७९३ पासून मोजतात. त्या वर्षी इंग्लंडच्या लिंडिसफार्न मठावर हल्ला झाला. शेवट १०६६ च्या आसपास धरतात. या पावणेतीनशे वर्षांत तलवार ही श्रीमंताची चीज होती आणि कुऱ्हाड घरोघरची. सरपण तोडायला, घर बांधायला, होडी तासायला तीच. नॉर्वेच्या जुन्या गुलातिंग कायद्यात शस्त्र बाळगणाऱ्या माणसाकडे काय असावं ते दिलं आहे: कुऱ्हाड किंवा तलवार, भाला आणि ढाल. ‘किंवा’ हा शब्द मला फार बोलका वाटतो. तलवार नसली तर चालेल, पण मग कुऱ्हाड हवी, आणि ती तर घरात असायचीच.

पुढे खास लढाईसाठीही कुऱ्हाडी घडू लागल्या. पातं रुंद आणि पातळ, दांडा लांब. नॉर्वेचे पुरातत्त्वज्ञ यान पेटरसन यांनी १९१९ मध्ये तलवारींबरोबर कुऱ्हाडींचंही आकारावरून वर्गीकरण केलं आणि प्रकारांना ए पासून एम पर्यंत अक्षरं दिली. लांब दांड्याची रुंद कुऱ्हाड ‘टाइप एम’ झाली. संग्राहक आजही तोच शब्द वापरतात. १०६६ च्या लढाईची गोष्ट सांगणाऱ्या, फ्रान्समधल्या बायोच्या प्रसिद्ध भरतकामात इंग्रज राजाचे शिलेदार हातात घेऊन उभे दिसतात ती याच जातीची. कॉन्स्टँटिनोपलमध्ये बायझंटाइन सम्राटाच्या पदरी असलेल्या, उत्तरेकडून आलेल्या वारांगियन रक्षकांची ओळखच ‘कुऱ्हाडवाले’ अशी होती. नॉर्वेचा राजा संत ओलाफ याच्या कुऱ्हाडीचं नाव ‘हेल’, म्हणजे मृत्युलोकाची देवता. नॉर्वेच्या राजचिन्हातला सिंह आजही त्याच राजाची कुऱ्हाड पंजात धरून उभा आहे.

सगळ्यांत देखणी कुऱ्हाड मात्र डेन्मार्कची. १८६८ मध्ये युटलंडमधल्या मामेन गावाजवळच्या थडग्यात ती सापडली. थडग्यातल्या लाकडाच्या वाढीच्या कड्यांवरून ते ९७०-७१ च्या हिवाळ्यातलं ठरलं. लोखंडात बारीक चर कोरून त्यात चांदीची तार ठोकून बसवली आहे, एका बाजूला पक्षी, दुसऱ्या बाजूला वेलपत्ती. बिदरीकाम ज्यांनी जवळून पाहिलं आहे त्यांना ही पद्धत लगेच कळेल. तार चरात बसते ती डिंकानं नव्हे, ठोकण्यानं. एक अख्खी कलाशैली आज ‘मामेन’ या नावानं ओळखली जाते, आणि चांदीची तार बसवणारा लोहार कधी तरी या कुऱ्हाडीची नक्कल करून पाहतोच.

मग अस्सल जुन्या कुऱ्हाडीच का जमवू नयेत? त्या जमवायच्या नसतात, म्हणून. उत्तर युरोपात असल्या वस्तूंकडे लक्ष गेलं ते सतराव्या शतकात. कोपनहेगनचे वैद्य ओले वॉर्म यांनी शिळा, हाडं, शिंगं, हत्यारं यांचा संग्रह केला. त्याची सचित्र सूची त्यांच्या मृत्यूनंतर १६५५ मध्ये निघाली. स्वीडननं १६६६ मध्येच जुन्या वास्तूंच्या रक्षणाचा फतवा काढला. नॉर्वेत १९०५ च्या कायद्यानं जमिनीतून निघालेल्या प्राचीन वस्तू सरकारी मालकीच्या झाल्या. डेन्मार्कमध्येही असा मौल्यवान ठेवा राष्ट्रीय संग्रहालयाकडे द्यावा लागतो आणि शोधणाऱ्याला मोबदला मिळतो. हे नियम नसते तर मामेनची कुऱ्हाड आज कुणाच्या तिजोरीत असती आणि तिची नक्कल करणं कुणालाच जमलं नसतं. म्हणून हा छंद मुळात नव्यानं घडवलेल्या वस्तूंचा आहे, आणि त्यात मला काही उणं वाटत नाही.

ढालींची गोष्ट वेगळ्या वाटेनं आली. १८८० मध्ये नॉर्वेत सांडेफ्योर्डजवळ गोकस्टाडच्या टेकाडात निकोलाय निकोलायसेन यांनी उत्खनन केलं. थडग्यात अख्खं जहाज होतं आणि त्याच्या दोन्ही कडांवर ढाली, प्रत्येक बाजूला ३२, एकूण ६४. आळीपाळीनं एक पिवळी, एक काळी. व्यास ९४ सेंटिमीटरच्या आसपास. फळ्या सूचिपर्णी लाकडाच्या, मध्यभागी जेमतेम सात मिलिमीटर जाड आणि कडेकडे त्याहून पातळ. मध्ये हाताच्या मुठीसाठी भोक आणि त्यावर लोखंडी वाटी.

त्या जहाजाची प्रतिकृती ‘वायकिंग’ नावानं १८९३ मध्ये माग्नुस आंडरसन यांनी बर्गनहून अटलांटिक पार करून शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाला नेली. त्याच प्रदर्शनाच्या निमित्तानं भरलेल्या सर्वधर्म परिषदेत स्वामी विवेकानंद बोलले. त्या उन्हाळ्यात तिथे हजारो लोकांनी व्हायकिंग जहाज प्रत्यक्ष पाहिलं, आणि कडेला ढालींची रांग हे चित्र जगभर कायमचं बसलं. त्यानंतर कितीतरी वर्षं बहुतेक ढाली त्याच एका थडग्यावरून बनत राहिल्या. २००८ मध्ये डेन्मार्कमधल्या त्रेलेबोर्गच्या किल्ल्याजवळ पाणथळ मातीत दहाव्या शतकातली जवळजवळ पूर्ण ढाल मिळाली, पाइनच्या लाकडाची. तेव्हा कारागिरांच्या हाती दुसरा नमुना आला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खोटी चित्रंही बसली. शिंगांचं शिरस्त्राण हे त्यातलं सर्वांत हट्टी. १८७६ मध्ये बायरॉइटला वाग्नरच्या संगीतनाट्यांसाठी कार्ल एमिल डोपलर यांनी वेशभूषा केली. तिथून शिंगं डोक्यावर चढली ती उतरायला तयार नाहीत. व्हायकिंग काळातलं जवळपास पूर्ण शिरस्त्राण १९४३ मध्ये नॉर्वेत येरमुंडबूला सापडलं. ते लोखंडी, गोल, डोळ्यांभोवती चष्म्यासारखी पट्टी असलेलं आहे. शिंग एकही नाही. दोन्हीकडे पातं असलेली कुऱ्हाडही अशीच कल्पनेतली. संग्रह सुरू करणाऱ्याला मी कळकळीनं सांगतो, दोन पात्यांची कुऱ्हाड ‘व्हायकिंग’ म्हणून विकत असतील तर पैसे वाचवा.

आणखी एक कडू गोष्ट सांगायलाच हवी. नाझींनी हा वारसा वंशश्रेष्ठत्वासाठी वापरला. हेडेबीच्या व्हायकिंग शहराचं उत्खनन काही काळ नाझी नेता हिमलरच्या संस्थेच्या ताब्यात होतं. आजही काही गट रुनी, म्हणजे उत्तर युरोपातल्या जुन्या लिपीतली, चिन्हं द्वेषासाठी मिरवतात. त्यामुळे ढालीवर चिन्ह रंगवण्याआधी त्याचा इतिहास वाचणं ही संग्राहकाची जबाबदारी आहे.

खरा बदल घडला तो करून पाहणाऱ्यांमुळे. १९६२ मध्ये डेन्मार्कच्या रॉस्किल्ड खाडीतून स्कुल्डेलेव्हची पाच बुडालेली जहाजं बाहेर काढली. त्यांच्या फळ्यांवर हत्यारांचे घाव शाबूत होते. बारकाईनं पाहिल्यावर कळलं की या फळ्या करवतीनं कापलेल्या नाहीत. करवत त्या काळी ठाऊक होती, मेस्टरमीरच्या पेटीतही आहे. पण जहाजासाठी ओकचा बुंधा पाचरी ठोकून फाडायचा आणि फळी कुऱ्हाडीनं तासायची. पात्याच्या धारेला बारीक खाच पडली असेल तर प्रत्येक घावाबरोबर लाकडावर एक उंच रेघ राहते. ती रेघ पाहून एकाच कुऱ्हाडीचे घाव ओळखता येतात. हजार वर्षांपूर्वीच्या सुतारानं धार लावायला थोडा उशीर केला, आणि त्याच्या कुऱ्हाडीची सही आज वाचता येते. मला या सगळ्या विषयातली सर्वांत जिवंत गोष्ट हीच वाटते.

या जहाजांपैकी सुमारे तीस मीटर लांबीचं लढाऊ जहाज १०४२ च्या सुमारास डब्लिनकडे बांधलेलं निघालं. रॉस्किल्डच्या संग्रहालयानं त्याच पद्धतीनं ते पुन्हा बांधलं, २००४ मध्ये पाण्यात सोडलं आणि २००७ मध्ये वल्ही मारत, शीड लावत डब्लिनला नेलं. असं जहाज बांधायला तशी अवजारं लागतात. म्हणजे लोहारांना पुन्हा रुंद पात्याच्या, हलक्या, योग्य कोनाच्या कुऱ्हाडी घडवाव्या लागल्या. मागणी अशी तयार झाली.

जुनी घडण आपल्याला परकी नाही. मऊ लोखंडाची पट्टी तापवून दुमडायची, दांड्यासाठी नेढं ठेवायचं, दोन्ही पदर ठोकून एकजीव करायचे आणि तोंडाशी पोलादाचा तुकडा घालायचा. मग पाणी द्यायचं. महाराष्ट्रात गावचा लोहार किंवा पालावरचा घिसाडी कुऱ्हाडीला पोलाद घालून पाणी देतो, तेच हे. लोखंड मऊ असल्यानं धक्का सोसतं, पोलाद कठीण असल्यानं धार धरतं. स्वीडनमधल्या १९०२ च्या ग्रेन्सफोर्स ब्रूक या कारखान्यात आजही घडवणारा लोहार आपली आद्याक्षरं पात्यावर उमटवतो. कुऱ्हाड हातात घेतली की ती दोन अक्षरं अंगठ्याला लागतात.

खरी नक्कल आणि शोभेची वस्तू यांतला फरक वजनात कळतो. नॉर्वेत लांगेइडला २०११ मध्ये सापडलेल्या लढाईच्या कुऱ्हाडीचं पातं रुंद असूनही हलकं आहे आणि तिच्या दांड्याला पितळी पट्टी होती. बाजारातल्या बहुतेक कुऱ्हाडी त्या मानानं जड आणि जाड असतात. ढालीचंही तसंच. जाड प्लायवूडची गोल चकती आणि सभोवार पत्र्याची कड म्हणजे ढाल नव्हे. फळ्या जोडलेल्या हव्यात, कडेला कच्चं कातडं शिवलेलं हवं, आणि उचलली की हात चटकन फिरायला हवा.

जत्रांनीही हा छंद वाढवला. डेन्मार्कच्या मोस्गोरचा व्हायकिंग मेळा १९७७ पासून भरतो. स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवरच्या लेरविकला जानेवारीच्या शेवटच्या मंगळवारी मशालींची मिरवणूक निघते. पुढे चालणाऱ्या, व्हायकिंग वेशातल्या पथकाच्या ढाली, कुऱ्हाडी आणि शिरस्त्राणं बनवायला तिथली माणसं महिनोन्महिने राबतात. २०१३ नंतर दूरचित्रवाणी मालिकांमुळे मागणी एकदम चढली. त्यातला बराच माल भारतातून जातो हे आपल्याकडे कमी जणांना माहीत आहे. डेहराडूनची विंडलास स्टीलक्राफ्ट्स ही १९४३ मध्ये खुकऱ्यांपासून सुरू झालेली कंपनी गेली अनेक वर्षं तलवारी, शिरस्त्राणं, चिलखतं परदेशी संग्राहकांना पुरवते.

माझ्याकडे दाढीवाल्या आकाराची, म्हणजे पात्याचा खालचा भाग हनुवटीसारखा उतरलेली, एक साधी कुऱ्हाड आहे. जुन्या नॉर्स भाषेत तिला ‘स्केग्गओक्स’ म्हणतात, शब्दशः दाढीकुऱ्हाड. स्वीडनच्या कोरड्या थंडीसाठी घडलेलं हे लोखंड आपल्या पावसाळ्यात दोन दिवसांत तांबूस होतं. कातड्याची कड हवेतला ओलावा पिऊन सैल पडते. म्हणून मृगाच्या आधी ढाल भिंतीवरून उतरवून कोरड्या खोलीत ठेवायची, पातं पुसून त्याला तेलाचा हात द्यायचा आणि दांड्याला जवसाचं तेल चोळून रात्रभर मुरू द्यायचं. सकाळी कोरड्या फडक्यानं पुसलं की दांड्यावरच्या लाकडाच्या रेघा पुन्हा दिसायला लागतात.