बैठी जीवनशैली आणि हृदयाचे आरोग्य

जागेपणी बसून, रेलून किंवा आडवे पडून घालवलेला, आणि विश्रांतीच्या तुलनेत फार तर दीडपट ऊर्जा खर्च होणारा काळ म्हणजे आरोग्यशास्त्राच्या परिभाषेत ‘बैठा वेळ’ होय. व्यायामाचा अभाव ही याहून निराळी गोष्ट आहे. सकाळी तासभर धावून उरलेला दिवस खुर्चीत काढणारी व्यक्ती एका निकषावर सक्रिय, तर दुसऱ्या निकषावर बैठी ठरते.

या विषयाच्या अभ्यासाचा पाया लंडनच्या डबलडेकर बसगाड्यांत घातला गेला. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये दाखवून दिले की, दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढउतार करीत तिकिटे देणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होतो, आणि झालाच तरी तो बहुधा उशिरा व सौम्य स्वरूपात होतो. पुढे १९५६ मध्ये त्यांनीच गणवेशांची मापे तपासली, तेव्हा चालकांच्या विजारींची कंबर तरुण वयातही वाहकांपेक्षा मोठी निघाली. म्हणजे दोन्ही गटांतील माणसे शरीरयष्टीनेही सारखी नव्हती, आणि सगळे श्रेय जिन्यांना देता येत नव्हते. आपल्याच निष्कर्षाची अशी उलटतपासणी घेणे हे या संशोधनाचे मोठेपण आहे.

चालताना पोटऱ्यांचे स्नायू आकुंचन पावून पायांतील रक्त हृदयाकडे ढकलतात. दीर्घकाळ बसल्यावर ही क्रिया मंदावते, रक्त पायांत साचू लागते आणि पायांच्या धमन्यांतील प्रवाह क्षीण होतो. प्रवाहाचे घर्षण घटल्याने धमन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड कमी स्रवते व त्यांची प्रसरणक्षमता कमी होते. हा बदल सलग तीन तास बसल्यावरही मोजता येतो. निष्क्रिय स्नायूंत रक्तातील मेदाचे विघटन करणाऱ्या लायपोप्रोटीन लायपेज या विकराचे कार्य मंदावते, शिवाय जेवणानंतर वाढलेली साखर स्नायू पुरेशी उचलत नाहीत.

दहा लाखांहून अधिक व्यक्तींच्या माहितीचे २०१६ मधील विश्लेषण सांगते की, दिवसाला आठ तासांहून अधिक बसण्याशी निगडित असलेली अकाली मृत्यूची वाढीव जोखीम रोज ६० ते ७५ मिनिटांच्या मध्यम व्यायामाने जवळपास नाहीशी होते. त्यामुळे बसण्याची थेट धूम्रपानाशी केली जाणारी तुलना अतिशयोक्त आहे. मात्र, इतका व्यायाम नियमितपणे करणारी माणसे थोडीच असतात, आणि म्हणूनच दैनंदिन हालचालींना महत्त्व येते. हालचाल सलग दहा मिनिटे झाली तरच मोजावी, ही जुनी अट जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत उरलेली नाही; प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांची मध्यम हालचाल सुचवतानाच बैठा वेळ कमी करण्यावर त्यांत भर आहे. जिना चढणे, सामान उचलणे, घाईने चालणे हे सारे त्यात धरले जाते. नुसते स्तब्ध उभे राहणे मात्र चालण्याची जागा घेऊ शकत नाही, कारण त्यात पोटऱ्यांची लयबद्ध आकुंचने होत नाहीत आणि तासन्‌तास उभे राहिल्यास पायांच्या शिरांवर ताण येतो.