पार्श्वभूमी : लाकडी खाच, मांजराची पेटी आणि पराणीचा खिळा

आमच्या जळगाव-धुळ्याकडच्या महाविद्यालयांत मानसशास्त्राचं 'अध्ययन' हे प्रकरण शिकताना प्रात्यक्षिकाला उंदीर लागत नाही. एक मुलगी डोळ्यांवर पट्टी बांधून लाकडी भूलभुलैयाच्या खाचेतून काडी पुढे सरकवते, शेजारची मैत्रीण वेळ आणि चुका मांडते. दहाव्या-बाराव्या फेरीला चुका कमी होतात, आलेख उतरतो. असाच उतरता आलेख पूर्वी मांजरांवर काढला गेला, आणि शिकणं समजून घेण्यासाठी जनावराला किती त्रास द्यायचा, हा प्रश्न तिथे उभा राहतो.

१८९८ साली मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइकने अमेरिकेत भुकेली मांजरं फळ्यांच्या पेटीत कोंडली आणि मासा बाहेर ठेवला. मांजर गज ओरबाडायचं, चावायचं, पंजे बाहेर काढायचं. कधीतरी दोरी ओढली जायची आणि दार उघडायचं. आपल्या पुस्तकांत 'प्रयत्न-प्रमाद' म्हणतात ते हेच. भूक अगदी कडकडून लागलेली असावी, ही त्याची अटच होती. वेस्ली मिल्स या अभ्यासकाने पुढच्याच वर्षी हरकत घेतली : जिवंत माणसाला शवपेटीत घालून जमिनीत उतरवायचं आणि त्याच्या धडपडीवरून माणसाचं मन कसं असतं ते ठरवायचं, तसंच हे आहे. मला ही हरकत फार मोलाची वाटते, कारण ती नुसती दयेची नाही. घाबरलेल्या जिवाकडून मिळालेलं ज्ञान कितपत खरं, असा तिचा प्रश्न आहे.

रशियन शास्त्रज्ञ पावलोव्हच्या कुत्र्याचं चित्र तर पाठच असतं : घंटेमागून अन्न, आणि पुढे नुसत्या घंटेनेही लाळ. लाळेचे थेंब मोजता यावेत म्हणून शस्त्रक्रिया करून लाळग्रंथीची नळी गालाबाहेर काढलेली असे, हे मात्र चित्राखाली क्वचितच लिहिलेलं असतं. त्याच्याच आग्रहाने १९३५ मध्ये लेनिनग्राडच्या संस्थेत कुत्र्याचं स्मारक उभं राहिलं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ वॉटसनने १९०७ च्या सुमारास उंदरांची दृष्टी, श्रवण, वास एकेक करून काढून घेतले आणि तरी ते चक्रव्यूह शिकतात हे दाखवलं. तेव्हा वर्तमानपत्रांतून त्याच्यावर टीकेची झोड उठली.

जनावर शिकतं, हे खानदेशातल्या शेतकऱ्याला कुणी सांगायची गरज नव्हती. नवा गोऱ्हा औताला लावायचा तर जुन्या, मुरलेल्या बैलाशेजारी जुंपतात. पहिल्या दिवशी तो जू झटकतो, तास सोडून आडवा पळतो. चार-आठ दिवसांत वळणावर हाक ऐकून आपसूक फिरतो. त्यात चाराही असतो, पराणीही (टोकाला खिळा लावलेली काठी) असते. पोळ्याच्या आदल्या दिवशी ज्या खांद्याला तूप-हळद चोळतात, त्याच बैलाच्या पुठ्ठ्यावर कधी टोचल्याच्या खुणाही सापडतात. हे आपणही कबूल केलं पाहिजे.

रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत धरलेल्या आग्रहातून १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आला. त्याखालच्या १९६५ च्या नियमांनी ओढकामाच्या जनावराला खिळ्याची पराणी लावायला बंदी घातली. त्याच कायद्याचं कलम १४ मात्र शरीरक्रियेचं नवं ज्ञान मिळवण्यासाठी, जीव वाचवण्यासाठी किंवा रोग-वेदना हटवण्यासाठी केलेले प्रयोग गुन्ह्याबाहेर ठेवतं. मन किंवा शिकणं यांचा तिथे वेगळा उल्लेख नाही. कलम १७ म्हणतं, की पुस्तकं, प्रतिकृती, चित्रफिती यांनी भागत असेल तिथे प्रयोग टाळावेत. पुढे १९९८ च्या नियमांनी संस्थेतल्या नैतिकता समितीची मंजुरी बंधनकारक केली. १९५९ मध्ये रसेल आणि बर्च यांनी मांडलेली तीन सूत्रं (पर्याय शोधा, संख्या कमी करा, त्रास कमी करा) आज अशा समित्यांचा पाया आहेत. अमेरिकेत १९६६ चा प्राणी कल्याण कायदा झाला, पण प्रयोगांसाठीच वाढवलेले उंदीर आजही त्याच्या बाहेर आहेत. शिकण्याच्या अभ्यासात सर्वांत जास्त राबलेला प्राणी तोच.

१९६७ मध्ये सेलिगमन आणि मायर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी कुत्र्यांना झोळीसारख्या पट्ट्यांत अडकवून विजेचे झटके दिले. काहीही केलं तरी झटका थांबत नव्हता. नंतर त्यांना अशा पेटीत ठेवलं, जिथे मधला अडथळा ओलांडला की सुटका होती. तरी त्यांतले बरेच कुत्रे जागचे हलले नाहीत. याला 'शिकलेली असहायता' म्हटलं गेलं आणि नैराश्य समजून घ्यायला त्याचा खरोखर उपयोग झाला. पण २०१६ मध्ये त्याच दोघांनी मेंदूवरच्या नव्या कामाच्या आधारे आपलं मूळ स्पष्टीकरण उलटं फिरवलं : लांबलेल्या त्रासापुढे गप्प पडणं ही शिकलेली गोष्ट नसून उपजत प्रतिक्रिया आहे, शिकावं लागतं ते 'आपल्या हातात काही आहे' हे. आमच्याकडच्या परीक्षेच्या नोट्समध्ये त्या कुत्र्यांच्या नावावर अजून १९६७ चाच निष्कर्ष उतरवून घेतला जातो.