रंगमंदिरातील दुहेरी काळाची भूतकथा

एकाच नाट्यगृहात दोन वेगळ्या काळांत घडणारी, प्रेम आणि भूत यांना एका सूत्रात ओवणारी कथा किंवा नाटक. आधीच्या काळात एक प्रेम अर्धवट राहते. बऱ्याच वर्षांनी त्याच वास्तूत तालमीला, दुरुस्तीला किंवा जुनी कपाटे उपसायला आलेल्या माणसांना त्याचा माग लागतो. भूत हा दोन्ही काळांमधला दुवा. त्याला नुसते भिववायला आणले की कथा फसते. त्याचे काहीतरी सांगायचे राहिलेले असावे लागते.

या प्रकाराची मुळे मराठवाड्यात खोल गेलेली आहेत. सोमदेवाच्या अकराव्या शतकातील ‘कथासरित्सागरा’त वेताळाला खांद्यावर वाहून नेणारा राजा त्रिविक्रमसेन हा गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा. स्मशानातली रात्र हा एक काळ आणि वेताळ सांगतो त्या गोष्टीतला दुसरा. त्यांपैकी मंदारवतीच्या गोष्टीत ती वारल्यावर तिला मागणी घालणाऱ्या तिघांपैकी एक जण तिच्या राखेवर झोपतो, दुसरा अस्थी घेऊन गंगेला जातो आणि तिसरा भटकत भटकत तिला उठवणारा मंत्र मिळवून येतो.

यात रंगमंच नाही. तो भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’त आठव्या शतकातच आलेला आहे. तिसऱ्या अंकात बारा वर्षांनी पंचवटीत आलेल्या रामाजवळ सीता अदृश्य रूपात वावरते. तो मूर्च्छित पडतो आणि तिच्या स्पर्शाने शुद्धीवर येतो. स्पर्श ओळखतो, पण ती दिसत नाही. सातव्या अंकात गंगाकाठी अप्सरा सीतेच्याच त्यागानंतरची हकिकत नाटक म्हणून करतात, राम प्रेक्षकांत बसलेला असतो आणि हे नाटक आहे याची लक्ष्मणाला त्याला आठवण करून द्यावी लागते. सीता जिवंत आहे, म्हणून ही काटेकोर अर्थाने भूतकथा नव्हे. तरीही गेलेला काळ रंगमंचावर उभा करून प्रेक्षकातल्या प्रियकराला हलवण्याची ही युक्ती आजही कोणाला ओलांडता आलेली नाही.

आधुनिक काळात अशी कथा मराठवाड्यात रचायची तर काळाची फाळणी इतिहासानेच करून ठेवली आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. शाळा-कचेऱ्यांवर उर्दूचा पगडा होता आणि जाहीर सभांवर बंधने घालणाऱ्या ‘गश्ती निशान ५३’ या सरकारी परिपत्रकाचा जाच. निजामाविरुद्ध लढायला सरहद्दीवरच्या कॅम्पांत गेलेला तरुण नट परत आलाच नाही, हे कारण इथल्या मातीतले आहे. त्यासाठी शाप किंवा खजिना शोधावा लागत नाही. पुरावेही बोलके असतात. अडगळीत सापडलेल्या जाहिरातीवर तिकिटाचा दर ‘हाली शिक्क्यात’, म्हणजे निजामाच्या चलनात असेल, किंवा सरकारी कागदावर निजामाच्या राज्यातल्या कालगणनेचे फसली सन १३५७ असेल, तर आजच्या पात्राला आधी ५९० मिळवावे लागतात. मग उमगते की हा कागद १९४७-४८चा, रझाकारांच्या धामधुमीतला आहे.

नायिकेबाबत मात्र जपावे लागते. बायकांच्या भूमिका पुरुषांनी करण्याची रीत मराठी रंगभूमीवर दीर्घकाळ होती. त्यामुळे कथा जितकी मागे न्यावी, तितकी प्रेयसी रंगमंचावर असण्याची शक्यता घटते. ती बायकांच्या बाजूला बसलेली प्रेक्षक असणे अधिक खरे वाटते.

प्रयोगात भूत दाखवायला जाळीचा पडदा सर्वांत भरवशाचा. पुढून तिरका उजेड टाकला की जाळी भिंतीसारखी भरीव दिसते. तो उजेड उतरवत मागचा दिवा हळूहळू चढवला की भिंत विरते आणि मागे उभी असलेली बाई दिसू लागते. दोन्ही काळ एकाच वेळी दाखवायचे असतील तर आजची पात्रे जाळीच्या पुढे आणि जुनी मागे ठेवतात. पुढच्या पात्रांवरचा उजेड जाळीवर सांडला की मागचे चित्र फिके पडते. म्हणून त्यांचे दिवे समोरून न लावता विंगेतून, बाजूने लावतात.