डोकं मागून दुखतंय, पण कोड कुठला लावायचा?

मेडिकल कोडिंगचं, म्हणजे डॉक्टरांच्या नोंदीतल्या आजारांना आणि उपचारांना ठरलेले कोड लावण्याचं काम करताना एक वाक्य सारखं समोर येतं आणि ते आलं की माझा हात थांबतोच: 'डोकं मागच्या बाजूने दुखतंय, तीन दिवस झाले.' बस एवढंच, पुढे गोळ्यांची नावं आणि खाली सही. अमेरिकेतल्या पेशंटच्या चार्टला आयसीडी-१०-सीएम हे तिथलं कोडबुक लागतं आणि त्यात एवढ्या माहितीवर आर५१.९ मिळतो, म्हणजे नुसती डोकेदुखी, प्रकार सांगितलेला नाही. कोड चुकीचा नाहीये. पण पेशंटने मानेच्या वर बोट ठेवून जी जागा दाखवली होती ती त्यात कुठेच उरत नाही, आणि मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण मागच्या बाजूच्या डोकेदुखीत तपशिलालाच सगळी किंमत असते.

आयसीडी म्हणजे आजारांची जागतिक वर्गवारी. तिची सुरुवात १८९३ मध्ये झाक बर्तियाँ यांनी केलेल्या मृत्यूच्या कारणांच्या यादीतून झाली, आणि आता जागतिक आरोग्य संघटनेची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे, अमेरिकेत मात्र रोजचं काम अजून दहावीच्या त्यांच्या स्वतःच्या रूपावर चालतं. त्यात पहिलं अक्षर धडा सांगतं: जी म्हणजे मज्जासंस्था, एम म्हणजे हाडं-स्नायू-सांधे, आर म्हणजे अजून निदान न झालेली लक्षणं. मागून दुखणारं डोकं या तिन्ही धड्यांत कुठेही जाऊ शकतं.

असं का होतं ते समजायला मानेत डोकवावं लागतं. मानेच्या दुसऱ्या मणक्याच्या पातळीवरून एक जाड नस निघते, मानेच्या स्नायूंतून वर येते आणि डोक्याच्या मागच्या कातडीत पसरते, तिला ग्रेटर ऑक्सिपिटल नर्व्ह म्हणतात. ही नस चिडली की ऑक्सिपिटल न्यूराल्जिया होतो. त्याचं दुखणं ठणकणारं नसतं, ते विजेच्या झटक्यासारखं येतं, काही सेकंद ते काही मिनिटं राहतं, जातं, परत येतं, आणि मधल्या वेळात केस विंचरले किंवा उशीवर डोकं टेकवलं तरी नको होतं. नस जिथे वर येते तिथे, कवटीच्या कडेखाली, बोटाने दाबलं की पेशंट एकदम मान मागे घेतो. याचा कोड एम५४.८१, दुखणं नसेचं असून धडा मात्र हाडं-स्नायूंचा, त्यामुळे नवीन कोडर जी मध्ये शोधत बसतात आणि सापडत नाही.

दुसरा प्रकार सर्व्हायकोजेनिक डोकेदुखी, म्हणजे मूळ दोष मानेत आणि दुखतं डोक्यात. याला स्वतःचा कोड मिळाला तो अगदी अलीकडे, १ ऑक्टोबर २०२१ ला, जी४४.८६, आणि मानेत नक्की काय बिघडलंय ते माहीत असेल तर त्याचाही कोड सोबत द्यायचा असतो. यात गंमत म्हणजे (मला तरी हे खूप भारी वाटतं) मानेच्या वरच्या तीन नसा आणि चेहऱ्याची संवेदना नेणारी नस (ट्रायजेमिनल), दोन्हींकडचे संदेश मज्जारज्जूच्या वरच्या टोकाला एकाच ठिकाणी येऊन मिळतात, म्हणून बिघाड मानेत असला तरी कधीकधी डोळ्यामागे दुखतं, आणि उलट मायग्रेनमध्येही मान धरते आणि मागून दुखतं. म्हणजे नुसत्या जागेवरून निदान होत नाही, पण जागाच लिहिली नाही तर विचार सुरूही होत नाही.

टेन्शन टाइप डोकेदुखी तर सगळ्यांना ओळखीची, दोन्ही बाजूंनी पट्टा आवळल्यासारखी, अर्ध्या तासापासून सात दिवसांपर्यंत, ती जी४४.२ च्या गटात, आणि तिथेही एपिसोडिक (अधूनमधून येणारी) की क्रॉनिक (जुनाट), औषधाला दाद देते की नाही, हे विचारलं जातं. महिन्यात १५ किंवा जास्त दिवस आणि तीन महिन्यांहून जास्त काळ असेल तर क्रॉनिक. नोंदीत दिवसच मोजलेले नसले तर मी काय करणार?

आणखी एक नियम लोकांना माहीत नसतो. ओपीडीत डॉक्टरांनी 'ऑक्सिपिटल न्यूराल्जिया असावा' असं लिहिलं तर अमेरिकेच्या नियमाने तो कोड देता येत नाही, 'असावा', 'शंका आहे' या शब्दांवर फक्त लक्षणाचा कोड जातो, म्हणजे परत आर५१.९. मीही मनाने निदान ठरवू शकत नाही, डॉक्टरांना क्वेरी, म्हणजे लेखी प्रश्न, पाठवू शकते, पण त्यांच्या तोंडात उत्तर घालणारी क्वेरी चालत नाही. उभं राहिलं की वाढणारी आणि आडवं झालं की कमी होणारी डोकेदुखी घ्या, त्यामागे कधीकधी मेंदूभोवतीच्या पाण्याची गळती असते, आणि १ ऑक्टोबर २०२० पासून तिला वेगळा आर५१.० आहे. उभं राहण्याचा उल्लेख नोंदीतून गळला तर तोही कोड गेला आणि पुढच्या डॉक्टरला तो धागाही मिळणार नाही.

काही दुखण्यांत मात्र कोडचा विचार नंतर. एका मिनिटाच्या आत शिखराला पोचणारी भयंकर डोकेदुखी मेंदूभोवतीच्या रक्तस्रावाची असू शकते, आणि मानेला झटका बसल्यावर नव्याने सुरू झालेलं मान-डोक्याचं दुखणं, सोबत चक्कर, तोल जाणं, बोलणं अडखळणं असेल तर मानेतल्या रक्तवाहिनीच्या भिंतीला चीर पडलेली असू शकते. तेव्हा थेट इमर्जन्सी. पण तिथल्या नोंदीतही 'अचानक' हा शब्द आणि वेळ यायलाच हवी.

आता अशी नोंद बघा: 'उजव्या बाजूला कवटीच्या कडेखालून वर जाणारे झटके, प्रत्येक काही सेकंदांचा, दिवसातून बऱ्याच वेळा, केसांना हात लावला तरी दुखतं, त्या जागी दाबल्यावर तीव्र वेदना, नसेजवळ भूल दिल्यावर थोडा वेळ पूर्ण आराम. निदान: ऑक्सिपिटल न्यूराल्जिया, उजवी बाजू.' चार ओळी आहेत. भुलेचं ते इंजेक्शन उपचारही आहे आणि निदानाचा पुरावाही, त्याचा प्रोसिजर कोड (आजाराचा नाही, केलेल्या उपचाराचा) ६४४०५, आणि विमावाल्यांनी ते का दिलं असं विचारलं तर उत्तर याच ओळींत आहे. एम५४.८१ लावायला मला अर्धं मिनिट पुरतं, आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या कुठल्या डॉक्टरने हा चार्ट उघडला तर पेशंटचं बोट नेमकं कुठे होतं ते त्यालाही दिसतं.