गावतळे आणि शाळा: विद्यार्थ्यांनी घडवलेल्या अधिवासांची पार्श्वभूमी

गावतळ्याच्या काठी स्थानिक झुडपे लावणे, वाळके ओंडके रचून ठेवणे, उभ्या काठाला सौम्य उतार देणे आणि मग तिथे कोणते जीव येऊन राहतात याची नोंद ठेवणे, असे उपक्रम आज अनेक देशांतील शाळा हाती घेत आहेत. पर्यावरण दिनाच्या कार्यक्रमांमुळे ही कल्पना अलीकडची वाटते; प्रत्यक्षात तिचे मूळ एकोणिसाव्या शतकातील एका शाळाशिक्षकाच्या कामात आहे. मात्र त्या काळी तळे विद्यार्थ्यांनी फक्त नीट पाहायचे होते. त्यांनी ते घडवावे असे कोणी सुचवले नव्हते, कारण तळी तेव्हा मुबलक होती.

या इतिहासाची सुरुवात उत्तर जर्मनीतील कील शहरात होते. तिथल्या विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकवणारे कार्ल म्योबिउस यांनी समुद्रातील कालवांच्या थरांचा अभ्यास करून 1877 मध्ये असे मांडले, की एका जागी नांदणारे सर्व जीव परस्परांशी आणि त्या जागेच्या परिस्थितीशी बांधलेले असतात आणि त्यांतील एकाची संख्या घटली किंवा वाढली तरी इतरांवर परिणाम होतो. त्याच शहरातील शिक्षक फ्रीड्रिश युंगे यांनी हा विचार शाळेत आणला. 1885 मध्ये त्यांनी गावतळ्याकडे एक जीवसमुदाय म्हणून पाहणारे पुस्तक शिक्षकांसाठी लिहिले. तोवर शाळेत निसर्ग शिकवायचा म्हणजे एकेक वनस्पती किंवा प्राणी घ्यायचा, त्याच्या अवयवांचे वर्णन करायचे आणि वर्गीकरणात त्याची जागा सांगायची, अशी पद्धत होती. युंगे यांनी प्रश्नच बदलला. हा प्राणी इथेच का राहतो, काय खातो, कोणाचे भक्ष्य होतो आणि त्याची शरीररचना या जगण्याला कशी जुळते, हे त्यांना मुलांकडून शोधून हवे होते.

त्यासाठी गावतळ्याइतकी सोयीची जागा दुसरी नव्हती. तळ्याला डोळ्यांना दिसणारी सीमा असते. पाणी, चिखल, काठ आणि वरची हवा एकाच फेरीत पाहता येते. शिवाय ते शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर असते. युंगे यांनी या निरीक्षणांवर जीवसृष्टीच्या सर्वसाधारण नियमांची जी चौकट बसवली, ती शाळकरी मुलांसाठी काहीशी जडच म्हणावी लागेल. पण तळे हा समग्रपणे समजून घ्यायचा विषय आहे ही त्यांची भूमिका टिकली. अमेरिकेत निसर्गशास्त्रज्ञ स्टीफन फोर्ब्स यांनी सरोवराकडे एक छोटे विश्व म्हणून पाहणारे आपले प्रसिद्ध व्याख्यान दिले ते 1887 मध्ये, म्हणजे युंगे यांच्या पुस्तकानंतर. परिसंस्थेचा विचार विद्यापीठांत रुजत असताना तो शाळेच्या वर्गातही शिरत होता, ही गोष्ट विज्ञानाच्या इतिहासात फारशी सांगितली जात नाही.

पुढचा टप्पा नेदरलँड्समधला आहे. एली हाइमान्स आणि याक थाइसे हे दोघे ॲमस्टरडॅममधले शिक्षक. 1890 च्या दशकात त्यांनी मुलांसाठी निसर्गपुस्तकांची मालिका लिहिली आणि तिच्यातील एक पुस्तक केवळ चर आणि डबक्यांतील जीवनावर होते. 1904 मध्ये नार्देरमेर हे सरोवर ॲमस्टरडॅम शहराच्या कचऱ्याने भरून टाकण्याचा प्रस्ताव आला. त्याला झालेल्या विरोधात थाइसे आघाडीवर होते. 1905 मध्ये त्यातूनच निसर्गरक्षणाची एक राष्ट्रीय संस्था उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी तिने ते सरोवर विकत घेतले. याहून आपल्या विषयाच्या जवळची घटना म्हणजे 1925 मध्ये ब्लूमेनडाल गावात थाइसे यांच्या नावाने उघडलेली बाग. त्या परिसरातील वाळूच्या टेकड्या, रान आणि तळे यांच्या स्थानिक वनस्पतींसह छोट्या प्रतिकृती तिथे मुद्दाम तयार केल्या गेल्या आणि शाळकरी मुलांचे वर्ग तिथे भरू लागले. शिकण्यासाठी अधिवास घडवण्याचे इतके जुने आणि आजही पाहता येणारे उदाहरण दुर्मीळ आहे.

याच काळात तळ्यांचे दिवस मात्र फिरले होते. 1897 मध्ये रोनाल्ड रॉस यांना डासाच्या शरीरात हिवतापाचे परजीवी सापडले आणि साचलेल्या पाण्याकडे लोक संशयाने पाहू लागले. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून गंबुशिया जातीचे मासे जगभरच्या डबक्यांत आणि तळ्यांत सोडले गेले. ते बेडकांची अंडी आणि पिल्लेही फस्त करतात, याकडे तेव्हा कोणी फारसे लक्ष दिले नाही. नळाचे पाणी घरात आले, गुरांची जागा यंत्रांनी घेतली, आणि ज्या गरजांसाठी गाव तळ्याचा गाळ काढत असे त्या गरजाच उरल्या नाहीत. त्यातच शेतातून वाहून येणाऱ्या खतांमुळे शेवाळ माजले आणि अनेक ठिकाणी तळी बुजवून मोकळी जमीन मिळवली गेली. ब्रिटनमधील सुमारे निम्मी तळी विसाव्या शतकात नाहीशी झाली, असा अंदाज आहे.

त्यामुळे 1970 च्या दशकात पर्यावरण शिक्षणाची चळवळ उभी राहिली तेव्हा तळे पाहण्यापुरते घेणे पुरेसे राहिले नाही. 1971 मध्ये इराणमधील रामसर येथे पाणथळ जागांचा आंतरराष्ट्रीय करार झाला, 1972 मध्ये स्टॉकहोम येथे संयुक्त राष्ट्रांची पर्यावरण परिषद झाली, आणि 1977 मध्ये जॉर्जियातील तिबिलिसी येथील पर्यावरण शिक्षणाच्या परिषदेने पर्यावरणाचे प्रश्न सोडवण्यात प्रत्यक्ष सहभाग हे शिक्षणाचे उद्दिष्ट ठरवले. अमेरिकेतील नॅशनल वाइल्डलाइफ फेडरेशनने 1973 मध्ये घरगुती बागांसाठी वन्यजीव अधिवासाचा कार्यक्रम सुरू केला होता. अन्न, पाणी, आडोसा आणि पिल्ले वाढवण्यासाठी जागा हे त्याचे सूत्र पुढे शाळांच्या आवारांनाही लागू केले गेले. भारतात सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये पर्यावरण हा विषय शिक्षणात अनिवार्य करण्याचे निर्देश दिले आणि त्यानंतर दहा वर्षांनी राष्ट्रीय हरित सेनेच्या योजनेतून शाळांमध्ये इको क्लब सुरू झाले. 2001 मध्येच त्या न्यायालयाने एका गावतळ्याच्या जागेवरील वाटप रद्द ठरवून तळी ही समाजाची संपत्ती असल्याचे स्पष्ट केले. तळे गावाचे नसेल तर शाळेने तिथे झाडे कोणाच्या परवानगीने लावायची, हा प्रश्न उरतो; म्हणून हा निर्णय वरवर वाटतो त्यापेक्षा या विषयाच्या अधिक जवळचा आहे.

शास्त्रज्ञांचे तळ्यांकडे लक्ष वळायला मात्र उशीर झाला. नद्या आणि मोठी सरोवरे यांच्या तुलनेत तळी दुय्यम मानली जात. दक्षिण इंग्लंडमधील एका नदीखोऱ्यात केलेले आणि 2004 मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन या समजाला छेद देणारे ठरले: नदी, ओढे, चर आणि तळी यांची तुलना करता एकंदर सर्वाधिक जाती तळ्यांमध्ये सापडल्या, आणि त्यांत दुर्मीळ जातींची संख्याही लक्षणीय होती. एका तळ्याचे पाणी दुसऱ्यासारखे नसते, म्हणून प्रत्येकात वेगळे जीव राहतात.

या माहितीमुळे विद्यार्थ्यांच्या कामाची दिशाही बदलायला हवी. जीवनाची दाटी सर्वाधिक असते ती काठालगतच्या उथळ पाण्यात, तेव्हा तळे खोल करून भोवती दगडी भिंत बांधणे हे सुशोभीकरण असले तरी अधिवासाच्या दृष्टीने नुकसानच आहे. चतुर या कीटकाच्या अळीला पंख फुटण्याआधी पाण्याबाहेर चढायला लव्हाळ्याचा किंवा पाणकणसाचा देठ लागतो. बेडूक वर्षाचा मोठा भाग पाण्याबाहेर काढतात, म्हणून जवळचे न कापलेले गवत आणि ओंडक्यांचा ढीग हेही तळ्याचेच भाग ठरतात. हौसेने सोडलेले मासे आणि शोभेसाठी आणलेली जलपर्णी यांनी मात्र अनेक चांगल्या हेतूंवर पाणी फिरवले आहे. गाळ काढायचा झाल्यास तो एका वेळी तळ्याच्या एकाच भागातून काढणे इष्ट असते, कारण उरलेल्या भागातून जीव परत पसरू शकतात. तो भाग कोणता हे ठरवण्यासाठी कोणते जीव कुठे राहतात ते आधी ठाऊक असावे लागते, आणि त्यासाठी वर्ग बदलले तरी नोंदवही एकाकडून दुसऱ्याकडे जात राहील अशी व्यवस्था शाळेला करावी लागते.