ॲरोमॅटिकता

ॲरोमॅटिकता हा काही वलयाकार रेणूंचा गुणधर्म आहे. या रेणूंचे चित्र काढताना वलयात एकाआड एक दुहेरी बंध दाखवावे लागतात. पण प्रत्यक्षात त्या बंधांतले इलेक्ट्रॉन कोणत्याही दोन अणूंमध्ये अडकलेले नसतात. ते सबंध वलयावर पसरतात, रेणूची ऊर्जा त्यामुळे बरीच उतरते आणि रेणू अपेक्षेपेक्षा कितीतरी स्थिर होतो. सहा कार्बन आणि सहा हायड्रोजन यांचे बेंझीन हे याचे सर्वांत परिचित उदाहरण. टोल्युइन, फिनॉल, ॲनिलीन, नॅप्थॅलीन, पिरिडीन ही संयुगेही याच वर्गातली.

ॲरोमॅटिक म्हणजे सुगंधी, पण वासाशी या गुणधर्माचा संबंध फक्त इतिहासापुरता आहे. ओव्यातील थायमॉल, लवंगेतील युजेनॉल, बडीशेपेतील ॲनेथॉल आणि व्हॅनिलिन या सुवासिक द्रव्यांमध्ये बेंझीनचे वलय असते, आणि अशाच द्रव्यांवरून एकोणिसाव्या शतकात हा गट ओळखला गेला. पण कापूर घमघमतो आणि पुदिन्यातला मेंथॉल नाकात जातो, तरी दोन्ही ॲरोमॅटिक नाहीत. ॲस्पिरिन आणि पॅरासिटामॉल ही वेदनाशामके मात्र ॲरोमॅटिक आहेत. महाविद्यालयीन प्रयोगशाळेत पदार्थ जाळून पाहण्याची जी चाचणी करतात, तिलाही मर्यादा आहे. ॲरोमॅटिक पदार्थात हायड्रोजनच्या मानाने कार्बन जास्त असल्याने ज्योत काजळी धरते हे खरे, पण आरतीतला कापूरही काजळी धरतोच. ही चाचणी केवळ दिशा दाखवते, निकाल देत नाही.

बेंझीन प्रथम वेगळे केले मायकेल फॅरेडे यांनी, १८२५ मध्ये, दिव्यांसाठी बनवलेला वायू दाबून भरताना मागे उरणाऱ्या तेलकट द्रवातून. काही वर्षांनी आइलहार्ट मिट्शरलिख यांनी बेंझॉइक आम्ल चुन्याबरोबर तापवून तेच द्रव्य मिळवले. हे आम्ल तेव्हा लोबानापासून काढत. १८४५ मध्ये हॉफमान यांना ते दगडी कोळशाच्या डांबरात सापडले आणि पुढे बेंझीन मुबलक मिळू लागले. तोवर त्याचे कोडे रसायनशास्त्रज्ञांच्या ध्यानात आले होते. कार्बन आणि हायड्रोजन सम प्रमाणात म्हणजे रेणू चांगलाच असंपृक्त, म्हणजे दुहेरी बंधांचा आणि ब्रोमीनसारखे अणू सहज जोडून घेणारा, असायला हवा. सायक्लोहेक्झीन या एका दुहेरी बंधाच्या द्रवात ब्रोमीनचे पाणी टाकून परीक्षानळी हलवली की तांबूस-पिवळा रंग पाहता पाहता नाहीसा होतो. बेंझीनमध्ये तेच पाणी टाकले तर रंग जसाच्या तसा राहतो. नळी कितीही हलवली तरी ब्रोमीन नुसते खालच्या थरातून वर बेंझीनच्या थरात जाऊन बसते.

ऑगस्ट केकुले यांनी १८६५ मध्ये सहा कार्बनचे वलय सुचवले. त्यावर लगेच रास्त आक्षेप आला. वलयात एकेरी आणि दुहेरी बंध खरोखरच आलटून पालटून असतील, तर शेजारशेजारच्या दोन कार्बनवर दोन ब्रोमीन असलेले संयुग दोन प्रकारचे मिळायला हवे: एकात त्या कार्बनांमध्ये दुहेरी बंध, दुसऱ्यात एकेरी. मिळत होते एकच. १८७२ मध्ये केकुले यांनी उत्तर दिले की बंधांची जागा सतत बदलत असते. स्वतःची शेपटी तोंडात धरलेल्या सापाचे त्यांचे स्वप्न फार प्रसिद्ध आहे, पण ते त्यांनी जाहीरपणे सांगितले १८९० मध्ये, पंचवीस वर्षे उलटल्यावर. माझ्या मते बेंझीनच्या इतिहासात या स्वप्नाला नको इतकी जागा मिळाली आहे आणि कॅथलीन लॉन्सडेल यांच्या कामाला फार थोडी. त्यांनी १९२९ मध्ये हेक्झामिथाइलबेंझीनच्या स्फटिकाचा क्ष-किरणांनी अभ्यास करून बेंझीनचे वलय सपाट आणि नियमित षटकोनी असल्याचे दाखवले. कार्बन-कार्बन एकेरी बंधाची लांबी सुमारे १५४ पिकोमीटर (एक पिकोमीटर म्हणजे मीटरचा लक्ष कोटीवा भाग), दुहेरीची १३४. बेंझीनमध्ये सहाही बंध सुमारे १४० पिकोमीटरचे. म्हणजे एकेरी आणि दुहेरी बंधांची अदलाबदलसुद्धा होत नसते. सहाही बंध मुळातच एकसारखे असतात.

ही स्थिरता किती, हे उष्णतेच्या मापात सांगता येते. सायक्लोहेक्झीनला हायड्रोजन जोडला की मोलमागे सुमारे १२० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. तीन सुटे दुहेरी बंध असते तर ३६० पडायला हवी होती. बेंझीनमधून पडते फक्त २०८. उरलेले सुमारे १५० किलोज्यूल म्हणजे बेंझीन आधीच जितके खाली उतरून बसले आहे ते अंतर. त्याच्या साऱ्या रासायनिक वागणुकीचा उलगडा या आकड्यातून होतो. ब्रोमीन वलयाला जोडले गेले, म्हणजे समावेशन अभिक्रिया झाली, तर ही बचत हातची जाते. म्हणून बेंझीन तसे करत नाही. लोहाच्या क्षारासारखा उत्प्रेरक असेल तर ब्रोमीन एका हायड्रोजनची जागा घेतो, हायड्रोजन ब्रोमाइड बाहेर पडतो आणि वलय पुन्हा अखंड होते. नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांच्या मिश्रणाने नायट्रोबेंझीन मिळते तेही अशाच प्रतियोजनाने, आणि त्याच्या क्षपणाने, म्हणजे ऑक्सिजन काढून हायड्रोजन जोडल्याने, ॲनिलीन. रंग, औषधे आणि रबराला लागणारी रसायने यांचा मोठा भाग या वाटेने येतो. रायगड जिल्ह्यातील रसायनी येथे हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स हा सरकारी कारखाना उभा राहिला तो अशाच मूलभूत रसायनांसाठी. या रसायनशास्त्राची झळही भारताला बसली आहे: जर्मनीतील बीएएसएफ कंपनीने १८९७ मध्ये नॅप्थॅलीनपासून सुरुवात करून बनवलेली नीळ बाजारात आणली आणि भारतातील निळीच्या लागवडीचा धंदा वेगाने ढासळला.

बेंझीनच्या वलयावर पसरलेले इलेक्ट्रॉन सहा, तीन दुहेरी बंधांतून प्रत्येकी दोन. सहाच इलेक्ट्रॉनांत एवढे काय आहे, याचे उत्तर एरिक ह्युकेल यांनी १९३१ मध्ये पुंज यांत्रिकीच्या आधारे दिले. सपाट वलयात फिरणाऱ्या या इलेक्ट्रॉनांसाठी (त्यांना पाय इलेक्ट्रॉन म्हणतात) सर्वांत खालची ऊर्जापातळी एकच असते आणि तीत दोन इलेक्ट्रॉन मावतात. तिच्या वरच्या पातळ्या समान ऊर्जेच्या जोडीने येतात आणि प्रत्येक जोडीत चार मावतात. म्हणून २, ६, १०, १४ अशा संख्यांना पातळ्या पूर्ण भरतात. हाच ‘४एन + २’ चा नियम; एन म्हणजे ०, १, २, ३ अशी पूर्ण संख्या. संख्या ४ किंवा ८ असली की वरची जोडी अर्धवट भरते. चार कार्बनांचे सायक्लोब्युटाडाइन इतके अस्थिर आहे की ते नेहमीच्या तापमानाला बाटलीत ठेवताच येत नाही; अशा रेणूंना प्रतिॲरोमॅटिक म्हणतात. आठ कार्बनांचे सायक्लोऑक्टाटेट्राइन रिचर्ड व्हिलश्टेटर यांनी १९११ मध्ये तयार केले, तेही डाळिंबाच्या झाडाच्या सालीतील एका अल्कलॉइडपासून (नायट्रोजनयुक्त वनस्पतिज द्रव्यापासून), कित्येक पायऱ्यांनी. कागदावर ते बेंझीनचे थोरले भावंड दिसते. पण ते ब्रोमीन झटकन घेते, आणि सपाट राहण्याऐवजी पन्हाळीसारखे वाकून इलेक्ट्रॉनांची ती अडचणीची संख्या टाळते.

या नियमाची खरी ताकद आयनांत दिसते. सायक्लोपेंटाडाइन हा साधा हायड्रोकार्बन, पण त्याची आम्लता जवळपास पाण्याइतकी आहे, कारण एक प्रोटॉन गेल्यावर पाच कार्बनांच्या वलयात सहा इलेक्ट्रॉन होतात. सात कार्बनांच्या वलयाला उलट एक इलेक्ट्रॉन कमी लागतो. त्यामुळे ट्रोपिलियम ब्रोमाइड हे कार्बनी संयुग असूनही मिठासारखे पाण्यात विरघळते. ते १८९१ मध्येच मेर्लिंग यांच्या हाती आले होते. ते नेमके काय आहे हे डोअरिंग आणि नॉक्स यांनी १९५४ मध्ये ओळखले.

वलयात सगळे कार्बनच हवेत असेही नाही. थायोफीनचा शोध याच मुद्द्यावरचा आहे. इसॅटिन नावाचे कार्बनी द्रव्य आणि सल्फ्युरिक आम्ल घातले की बेंझीनला गडद निळा रंग येतो, ही बेंझीनची ओळखचाचणी मानली जात होती. १८८२ मध्ये झ्युरिकला व्हिक्टर मायर यांनी ती व्याख्यानात करून दाखवली तेव्हा निळा रंग आलाच नाही. त्या वेळी वापरलेले बेंझीन डांबरातले नव्हते, बेंझॉइक आम्लापासून केलेले होते आणि त्यामुळे शुद्ध होते. रंग येत होता डांबरातल्या बेंझीनमध्ये लपलेल्या गंधकयुक्त थायोफीनमुळे. थायोफीनचा उत्कलनबिंदू ८४ अंश सेल्सिअस, बेंझीनचा ८०, आणि वागणूक इतकी सारखी की इतकी वर्षे ते कोणाला वेगळे दिसलेच नव्हते. एका फसलेल्या प्रयोगाचा पाठपुरावा करण्याचे हे फार सुंदर उदाहरण आहे. नायट्रोजन असलेल्या वलयांत इलेक्ट्रॉनांचा हिशेब आणखी बोलका होतो. पिरिडीनमधल्या नायट्रोजनची एकाकी इलेक्ट्रॉन जोडी वलयाच्या हिशेबात धरली जात नाही, ती मोकळी राहते, म्हणून पिरिडीन आम्लारी आहे. पायरोलमध्ये तीच जोडी सहाची संख्या भरण्यात खर्ची पडते, म्हणून पायरोल जवळजवळ आम्लारी नाही.

ॲरोमॅटिकता आज बहुधा अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाने (एनएमआर) पाहतात; त्यात अणूंचे संकेत पीपीएम या मापाच्या पट्टीवर वाचतात. चुंबकीय क्षेत्रात वलयातले इलेक्ट्रॉन वर्तुळाकार प्रवाह निर्माण करतात. बेंझीनच्या हायड्रोजनांचा संकेत त्यामुळे ७.३ पीपीएमच्या आसपास येतो, तर साध्या दुहेरी बंधावरच्या हायड्रोजनांचा ५ ते ६ मध्ये. अठरा कार्बनांच्या ॲन्युलीनमध्ये (एकाआड एक दुहेरी बंधांच्या मोठ्या वलयात) बाहेरच्या हायड्रोजनांचे संकेत थंड तापमानाला ९ च्या वर जातात आणि वलयाच्या आत वळलेल्यांचे शून्याच्याही खाली, उणे ३ जवळ. इतका स्वच्छ पुरावा क्वचित मिळतो. तरीही ॲरोमॅटिकता मोजण्याचे एकच सर्वमान्य माप नाही. जोडवलयांत तर ती सगळीकडे सारखी नसतेच: कपाटातल्या डांबराच्या गोळ्यांमधले नॅप्थॅलीन ॲरोमॅटिक आहे, पण त्याचे सगळे बंध समान लांबीचे नाहीत, आणि तीन वलयांच्या अँथ्रासीनमध्ये मधले वलय बेंझीनच्या मानाने सहज समावेशन करते.

बेंझीनचा दीर्घ संपर्क रक्ताचा कर्करोग घडवतो हे सिद्ध झाले आहे. डांबरात आणि तंबाखूच्या धुरात असलेले बेंझोपायरीनही कर्करोगकारक आहे. मात्र दोष वलयाच्या असण्याचा नाही. टोल्युइन शरीरात गेल्यावर यकृत त्याच्या मिथाइल गटाचे ऑक्सिडीकरण करून बेंझॉइक आम्ल बनवते आणि ते ग्लायसिनला जोडून हिप्युरिक आम्लाच्या रूपात लघवीवाटे बाहेर टाकते. बेंझीनला असा गट नाही. शरीराला थेट वलयावरच ऑक्सिजन चढवावा लागतो आणि त्यातून तयार होणारी क्रियाशील द्रव्ये अस्थिमज्जेला इजा करतात. फिनिलॲलॅनिन, टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लांत ॲरोमॅटिक वलये असतात, रक्तातील हिमोग्लोबिनच्या हीम या लोहयुक्त भागात असतात, आणि डीएनएचे चारही आम्लारी घटक (बेस) सपाट ॲरोमॅटिक वलयांचेच असल्यामुळे दुहेरी सर्पिलाच्या आत एकावर एक रचून बसतात.